स्क्रीन रीडरसोबत टाइपिंग शिकताना वेग सर्वांत शेवटी

टाइपिंगमधली चूक डोळस माणसाला एका नजरेत दिसते. स्क्रीन रीडरवर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर, काम करणाऱ्याला तीच चूक ऐकून शोधावी लागते. ओळ पुन्हा ऐकायची, खटकलेल्या शब्दावर जायचं, बाणाच्या बटणाने एकेक अक्षर ऐकायचं, नको ते खोडायचं, हवं ते टाइप करायचं आणि परत ओळीच्या शेवटी यायचं. एका चुकीच्या अक्षरापायी सहज दहा-पंधरा बटणं दाबली जातात. त्यामुळे मिनिटाला ४० शब्द टाइप करून दर ओळीत तीन चुका करणाऱ्यापेक्षा मिनिटाला २० शब्द बिनचूक टाइप करणारा आधी मोकळा होतो. डोळस मुलांसाठी बनवलेल्या टाइपिंगच्या धड्यांत पहिल्या दिवसापासून घड्याळ लावलेलं असतं. ते धडे दृष्टिहीन किंवा अल्पदृष्टी विद्यार्थ्याला जसेच्या तसे देऊ नयेत, असं मला ठामपणे वाटतं.

दुसरा फरक त्याहून मोठा आहे. दृष्टिहीन माणसासाठी कीबोर्ड हे नुसतं लिहायचं साधन नाही, माउसचं कामही त्यालाच करावं लागतं. फाइल उघडणं, मेनूत फिरणं, आवाज थांबवणं, आपण कुठे आहोत ते विचारणं, सगळं बटणांवर. म्हणून शिकवण्याची सुरुवात अक्षरांपासून करू नये. आधी कंट्रोल, आल्ट, टॅब, एस्केप, एंटर, बॅकस्पेस, स्पेस आणि चार बाण हाताला ओळखीचे व्हायला हवेत. हे झालं की चुकून काही दाबलं गेलं तरी विद्यार्थी घाबरून हात उचलत नाही, स्वतः बाहेर पडतो.

कीबोर्ड कोणता घ्यावा

शिकण्यासाठी पूर्ण आकाराचा, वेगळ्या नंबरपॅडचा, साधा कीबोर्ड सगळ्यात चांगला. त्यात फंक्शन बटणांचे चार-चारचे तीन गट असतात आणि मध्ये बोटाला जाणवेल एवढी फट असते. एफ-५ शोधायचं तर मोजत बसावं लागत नाही, दुसऱ्या गटातलं पहिलं. बाणांची बटणं उलट्या टी-सारखी वेगळी असतात, डिलीट-होम-एंडचा सहाचा ठोकळा वेगळा असतो. लॅपटॉपवर हे सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं, वर-खाली बाण अर्ध्या उंचीचे असतात, आणि फंक्शनच्या ओळीवर आवाज-उजेड कमी-जास्त करण्याची कामं लावलेली असतात. लॅपटॉपच वापरायचा असेल तरी शिकण्यापुरता बाहेरून यूएसबी कीबोर्ड जोडावा.

कीबोर्डचे मागचे पाय उघडू नयेत. ते उघडले की मनगट मागे वाकतं आणि खालची ओळ गाठणं आणखी कठीण होतं. खाली रबराची चटई किंवा न सरकणारं काहीतरी घालावं. डोळस माणसाचा कीबोर्ड दोन सेंटिमीटर सरकला तर तो नकळत हात जुळवून घेतो. इथे मात्र हाताचा सगळा हिशेब कीबोर्ड जागेवर आहे या भरवशावर चालतो.

बसताना जी आणि एच यांच्या मधली रेघ बेंबीच्या समोर यायला हवी. नंबरपॅड असलेल्या लॅपटॉपवर अक्षरांचा भाग डावीकडे ढकललेला असतो. अशा वेळी लॅपटॉपच्या मधोमध बसलं की दोन्ही हात तिरके पडतात आणि डावी करंगळी ए सोडून कॅप्स लॉकवर जाते. मशीन उजवीकडे सरकवून घ्यायचं, अंग तिरकं करायचं नाही.

उठावाचे ठिपके चिकटवायचा मोह फार होतो. एफ आणि जे वर, तसंच नंबरपॅडच्या ५ वर कंपनीनेच उंचवटा दिलेला असतो. त्याशिवाय आणखी दोन-तीन ठिकाणी, फार तर डिलीटवर आणि फंक्शन ओळीतल्या एखाद्या नेहमीच्या बटणावर ठिपका लावावा. प्रत्येक अक्षरावर ब्रेल स्टिकर लावले तर विद्यार्थी टाइप करत नाही, कीबोर्ड वाचत बसतो, आणि ती सवय सुटायला फार त्रास होतो. शिवाय ठिपके जास्त झाले की एफ आणि जे वरचे उंचवटे त्यांच्या गर्दीत हरवतात.

नकाशा आधी

पहिल्या दिवशी स्क्रीन रीडरची की-ओळख चालू करून द्यावी. एनव्हीडीए आणि जॉज हे विंडोजवरचे दोन स्क्रीन रीडर. एनव्हीडीएमध्ये एनव्हीडीए बटण (सेटिंगप्रमाणे इन्सर्ट किंवा कॅप्स लॉक) आणि १, जॉजमध्ये इन्सर्ट आणि १, विंडोजच्या नॅरेटरमध्येही नॅरेटर बटण आणि १. मॅकवरच्या व्हॉइसओव्हर या स्क्रीन रीडरमध्ये कंट्रोल-ऑप्शन-के. ही चालू असताना कुठलंही बटण दाबलं तर त्याचं नाव बोललं जातं, पण काम होत नाही. काही बिघडणार नाही ही खात्री असल्यामुळे विद्यार्थी मोकळेपणाने चाचपडतो. आधी चारही कोपरे शोधायला सांगावेत: वर डावीकडे एस्केप, खाली डावीकडे कंट्रोल, नंबरपॅडचे दोन कोपरे. मग कडेची मोठी बटणं, मग आतली. त्याच बटणांनी, व्हॉइसओव्हरमध्ये एस्केपने, बाहेर पडायला मात्र विसरू नये. 'काहीच टाइप होत नाही' या तक्रारीचं कारण पुष्कळदा हेच असतं की की-ओळख चालूच राहिलेली असते.

शिकवणाऱ्यासाठी एक गोष्ट. विद्यार्थ्याचं बोट धरून बटणावर नेऊन ठेवू नये. धरलेलं बोट अंतर शिकत नाही, ते नुसतं नेलं जातं. तोंडाने सांगावं: 'डावं मधलं बोट, एक ओळ वर, किंचित डावीकडे.' दाखवायचंच असेल तर आधी विचारावं आणि आपला हात खाली ठेवून विद्यार्थ्याला आपल्या बोटांवर त्याचे हात ठेवू द्यावेत. त्यात त्याला हालचालीचा आकार कळतो आणि हाताचा ताबा त्याच्याकडेच राहतो.

बोटांचं घर

दोन्ही तर्जन्या एफ आणि जे वर. डाव्या हाताची बाकीची बोटं डी, एस, ए वर आणि उजव्या हाताची के, एल आणि सेमीकोलनवर. अंगठे स्पेसवर. घर शोधायची खात्रीची पद्धत अंगठ्यांपासून सुरू होते. आधी स्पेसबार शोधायचा, त्यावर दोन्ही अंगठे टेकवायचे, मग तर्जन्या दोन ओळी वर नेऊन आडव्या सरकवत उंचवटे शोधायचे. वरून खाली येत शोधलं तर ओळींची मोजणी चुकते, कारण वर आकड्यांची आणि फंक्शनची अशा दोन ओळी आणखी असतात.

घर एका बटणाने सरकलं तर काय होतं ते ऐकण्यासारखं असतं. इंग्रजीत 'हेलो' टाइप करायचंय, पण दोन्ही हात एक घर उजवीकडे आहेत. स्क्रीन रीडर म्हणेल: जे, आर, सेमी, सेमी, पी. हे सूत्र विद्यार्थ्याला मुद्दाम ऐकवावं. एकदा ऐकलं की पुढे 'सेमी' भलत्या ठिकाणी कानावर पडताच तो हात तपासतो. काही जुन्या मॅक कीबोर्डवर उंचवटे डी आणि के वर असायचे, तिथे तर्जनीच्या सवयीने हात ठेवला की डावा हात एक घर डावीकडे आणि उजवा एक घर उजवीकडे सरकतो.

आता कीबोर्डच्या भूमितीकडे. हा भाग बहुतेक धड्यांत गाळलेला असतो, आणि न बघता शिकणाऱ्याला सगळ्यात जास्त गरज याचीच असते. एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत साधारण १९ मिलिमीटर अंतर असतं. पण ओळी एकावर एक सरळ रचलेल्या नसतात. घराच्या ओळीच्या तुलनेत वरची ओळ पाव बटण डावीकडे असते आणि खालची ओळ अर्धं बटण उजवीकडे. म्हणून डी वरून बोट सरळ वर नेलं तर ते ई वर पडतं, थोडं कडेला पण ई वरच. तेच बोट सरळ खाली आणलं तर ते एक्स आणि सी यांच्या मधल्या फटीवर पडतं. घराच्या ओळीतल्या प्रत्येक अक्षराखाली अशीच फट आहे. खालच्या ओळीत सगळे जण चाचपडतात त्याचं कारण हे. वर जाताना ढिसाळपणा चालतो, खाली येताना बोट दुमडून मुद्दाम उजवीकडे झुकवावं लागतं.

तर्जनीचे लांब पल्लेही मापून सांगता येतात. एफ वरून टी पाऊण बटण उजवीकडे आहे, म्हणजे १४ मिलिमीटरच्या आसपास. जे वरून वाय मात्र सव्वा बटण डावीकडे, साधारण २४ मिलिमीटर. दोन्ही हातांना सारखीच ताणण्याची सवय लावली तर उजवी तर्जनी वाय ऐवजी यू वर उतरते. आणि बी? तो एफ आणि जे या दोघांपासून आडव्या दिशेने नेमका दीड बटण लांब आहे. रूढ पद्धतीत बी डाव्या तर्जनीकडे असतो. मोठ्या हाताच्या माणसाला उजव्याने सोपा जात असेल तर मी हरकत घेणार नाही, पण एकच बोट ठरवावं आणि कायम तेच वापरावं.

लांबचं बटण गाठताना हात उचलायचा नाही, एक बोट खुंटीसारखं घरी ठेवायचं. तर्जनी टी किंवा वाय कडे जाते तेव्हा करंगळी ए किंवा सेमीकोलनवर टेकलेली. करंगळी क्यू, पी, एंटरकडे जाते तेव्हा तर्जनी उंचवट्यावर. बॅकस्पेस हा अपवाद. बहुतेकांचा हात तिथे पोचायला उचलावाच लागतो. म्हणून बॅकस्पेसनंतर जे चा उंचवटा चाचपल्याशिवाय पुढचं अक्षर दाबायचं नाही, हा नियम पहिल्या आठवड्यापासून पाळावा. एक चूक दुरुस्त केल्यावर लगेच तीन चुका होतात, त्या जवळजवळ नेहमी याच जागी.

धड्यांचा क्रम

घराच्या ओळीवर 'एएसडीएफ' सारख्या निरर्थक जुळण्या दोन-तीन बैठकांपलीकडे करू नयेत. कानाला त्यांचा काही अर्थ लागत नाही आणि चूक झाली तरी खटकत नाही. याच आठ बटणांत इंग्रजीतले डॅड, सॅड, आस्क, लॅड, फॉल, सॅलड, फ्लास्क हे शब्द बसतात. शब्द ओळखीचा असला की चुकीचं अक्षर आपोआप कानाला टोचतं.

त्यानंतर ई आणि आय, कारण ती मधल्या बोटांनी वर आणि जवळ आहेत आणि सतत लागतात. मग आर आणि यू, टी आणि ओ, जी आणि एच. वायला वेगळा वेळ द्यावा. वरची ओळ पक्की झाल्यावर खालची: एन आणि एम, मग सी, व्ही, बी, शेवटी एक्स आणि झेड. एका बैठकीत दोनच नवी अक्षरं, बाकी वेळ जुन्यांची उजळणी. बैठक १५ ते २० मिनिटांची, रोज. आठवड्यातून एकदा दोन तास बसण्याचा उपयोग नाही. बोटं दमली की चुकीच्या हालचाली पक्क्या होतात.

मोठ्या अक्षरांसाठी शिफ्ट नेहमी विरुद्ध हाताची. ए मोठा हवा तर उजवी शिफ्ट. एकाच हाताने दोन्ही केलं की तो हात घरातून निघतो. आकड्यांसाठी सुरुवातीला नंबरपॅड वापरावा. वरच्या आकड्यांच्या ओळीपर्यंत दोन ओळींचा पल्ला असतो आणि तिथे कुठलाच उंचवटा नसतो. नंबरपॅडवर आकड्यांऐवजी स्क्रीन रीडर भलत्याच ओळी वाचू लागला तर नम लॉक बंद आहे असं समजावं. एनव्हीडीए आणि जॉज दोघेही डेस्कटॉप मांडणीत, म्हणजे पूर्ण कीबोर्डसाठी ठरवलेल्या आज्ञांच्या संचात, नम लॉक बंद असलेला पॅड वाचनाच्या आज्ञांसाठी वापरतात.

सराव नोटपॅडसारख्या साध्या जागी करावा. वर्डमधली आपोआप दुरुस्ती चूक झाकते, आणि विद्यार्थ्याला वाटतं आपलं बरोबर आलं. नव्या विंडोजच्या नोटपॅडमध्येही स्पेलिंग तपासणं आणि आपोआप सुधारणं आलं आहे. शिकण्याच्या काळात तेही बंद ठेवावं. खास दृष्टिहीनांसाठी बनवलेले बोलके टायपिंग प्रोग्रामही आहेत, उदाहरणार्थ अमेरिकन प्रिंटिंग हाउसचा टॉकिंग टायपर किंवा टाइपअ‍ॅबिलिटी. एकट्याने शिकणाऱ्याला ते उपयोगी पडतात, पण हात कसा ठेवलाय ते त्यांना कळत नाही. अधूनमधून कुणीतरी हात बघणारं असावंच.

बिघडतं ते कुठे

विद्यार्थी सांगतो की कॉम्प्युटर बिघडला. बहुतेक वेळा कारण बोटांतच असतं आणि ते ठरलेलं असतं.

'आवाजच गेला' ही त्यातली सगळ्यात घाबरवणारी तक्रार. एनव्हीडीएमध्ये कॅप्स लॉक हे एनव्हीडीए बटण म्हणून निवडलेलं असेल तर ए दाबायला गेलेली करंगळी किंचित डावीकडे घसरली की कॅप्स लॉक दाबलं जातं, आणि त्याच क्षणी शेजारचं बोट एस दाबतं. एनव्हीडीए आणि एस मिळून बोलण्याची पद्धत बदलण्याची आज्ञा होते. मग आवाज बंद होतो किंवा नुसती टिकटिक ऐकू येते. तीच आज्ञा पुन्हा पुन्हा दिली की बोलणं परत येतं. अशाच घसरणीतून क्यू दाबला गेला तर एनव्हीडीए बंद करण्याचा प्रश्न समोर येतो. टाइपिंग पक्कं होईपर्यंत सेटिंगमध्ये जाऊन कॅप्स लॉकची ही जबाबदारी काढून टाकावी आणि फक्त इन्सर्ट ठेवावं. हा एक बदल कितीतरी रडारड वाचवतो.

दुसरं, शिफ्ट. विंडोजमध्ये शिफ्ट लागोपाठ पाचदा दाबली तर स्टिकी कीज (जोडीची बटणं एकामागून एक दाबण्याची सोय) चालू करण्याचा प्रश्न येतो, आणि उजवी शिफ्ट ८ सेकंद दाबून धरली तर फिल्टर कीजचा. न बघता शिकणारा यांत हमखास सापडतो. मोठा टी किंवा बी टाइप करण्यासाठी उजवी शिफ्ट धरून तो डाव्या हाताने अक्षर शोधत असतो, आणि ८ सेकंद केव्हाच होऊन जातात. त्यात घाईने एंटर मारलं तर फिल्टर कीज चालू होतात आणि मग हलके, झटपट दाबलेले ठोके उमटतच नाहीत. विंडोज आणि यू दाबून अ‍ॅक्सेसिबिलिटीची सेटिंग उघडावी आणि कीबोर्डखालचे हे शॉर्टकट बंद करावेत. पहिल्या धड्याच्या आधीच. मात्र ज्यांना हाताच्या हालचालींचीही अडचण आहे त्यांच्यासाठी याच सोयी गरजेच्या असतात, त्यांच्या बाबतीत विचारूनच हात लावावा.

एकटं विंडोज बटण लागलं तर स्टार्ट मेनू उघडतो आणि पुढचं सगळं टाइपिंग शोधाच्या चौकटीत जातं. एकटं आल्ट लागलं तर मेनूवर उडी. दोन भाषा बसवलेल्या असतील तर डावं आल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून भाषाच बदलू शकते. सगळ्यावर पहिला उपाय एकच: एस्केप, आणि मग एनव्हीडीए किंवा इन्सर्टसोबत टी दाबून खिडकीचं नाव ऐकणं. आवाज अनोळखी वाटला की टाइप करत राहायचं नाही, आधी 'मी कुठे आहे' हे विचारायचं.

अक्षरं ऐकावीत की शब्द

स्क्रीन रीडर प्रत्येक दाबलेलं अक्षर बोलू शकतो, पूर्ण झालेला शब्द बोलू शकतो, दोन्ही किंवा काहीच नाही. एनव्हीडीएमध्ये एनव्हीडीए-२ ने अक्षरं आणि एनव्हीडीए-३ ने शब्द बदलतात. जॉजमध्ये इन्सर्ट-२ दाबत गेलं की हे पर्याय एकामागून एक येतात.

सगळी अक्षरं हाताला येईपर्यंत अक्षरं चालू आणि शब्द बंद ठेवावेत. बोटाने काय केलं हे लगेच कळायलाच हवं. पण यात एक अडचण आहे. इंग्रजीतले बी, डी, ई, जी, पी, टी, व्ही कानाला एकसारखे लागतात, एम आणि एनही. सुरुवातीला बोलण्याचा वेग कमी ठेवावा, आणि शंका आली तर डाव्या बाणाने त्या अक्षरावर जावं. एनव्हीडीएमध्ये थोडं थांबल्यावर अक्षराचं वर्णन, म्हणजे ब्राव्हो, डेल्टा असं, बोलण्याची सोय सेटिंगमध्ये चालू करता येते.

सगळी अक्षरं येऊ लागली की अक्षरं बंद करून शब्द चालू करायचे. इथे विद्यार्थी विरोध करतो. आधार काढल्यासारखं वाटतं. तरीही करायचं, कारण अक्षर ऐकून मगच पुढचं दाबण्याची सवय राहिली तर बोटं कायम आवाजाच्या मागे चालतात. वेग वाढला की प्रत्येक नवं अक्षर आधीच्याचा आवाज कापतं आणि कानावर नुसते तुकडे पडतात. त्यातून चूक कळत नाही, पण लक्ष मात्र त्यातच अडकतं. काय लिहायचं हा विचार करायला कान आणि डोकं मोकळं राहिलं पाहिजे. पुढे काही जण शब्दही बंद करतात आणि वाक्य संपलं की ओळ वाचून घेतात. डेस्कटॉप मांडणीत एनव्हीडीए किंवा इन्सर्ट आणि वरचा बाण, एनव्हीडीएच्या लॅपटॉप मांडणीत एनव्हीडीए आणि एल.

दुरुस्तीची पद्धतही याच वेळी लावून घ्यावी. शब्द चुकीचा ऐकू आला तर त्यातलं चुकलेलं अक्षर शोधायला जाऊ नये. कंट्रोल आणि बॅकस्पेसने अख्खा शब्द खोडावा आणि पुन्हा टाइप करावा. यात वेळ वाचतो, आणि हाताला बरोबर शब्दाची हालचाल सलग मिळते. एकेका अक्षराची डागडुजी करणाऱ्याच्या हातात शब्द कधी बसत नाही.

समोर कागद नसताना

डोळस विद्यार्थी पुस्तक समोर ठेवून नक्कल करतो. इथे मजकूर कानातून यावा लागतो, आणि त्याच कानात स्क्रीन रीडरही बोलत असतो. सांगणाऱ्याने चार-पाच शब्दांचा, अर्थ पुरा होणारा तुकडा सांगावा आणि थांबावं. विद्यार्थ्याने तो लक्षात धरून टाइप करावा. एकेक शब्द सांगितला तर ते फक्त ठोके मारणं होतं, आणि लांब वाक्य सांगितलं तर अर्धं विसरून जातं. एकट्याने सराव करताना मजकूर फोनवर लावून एका कानात इअरफोन घालावा आणि दुसऱ्या कानाने स्क्रीन रीडर ऐकावा. दोन्हींचे आवाज वेगळे ठेवावेत, एक बाईचा, एक पुरुषाचा. ब्रेल येणाऱ्याने डाव्या हाताने ओळ वाचून, तुकडा लक्षात ठेवून, मग दोन्ही हातांनी टाइप करावं. हात पुन्हा घरी आणण्याचा सरावही त्यात आपोआप होतो.

नजर थोडी असेल तर

अल्पदृष्टी विद्यार्थ्याला शिकवणं मला जास्त कठीण वाटतं. तो बटणावर नाक टेकेल इतका वाकतो, अक्षर शोधतो, मग मान वर करून स्क्रीनजवळ जातो. प्रत्येक शब्दाला हे दोनदा-तीनदा. मान-पाठ दुखते, डोळे लवकर दमतात आणि बोटं काहीच शिकत नाहीत. मोठ्या, ठळक अक्षरांचे स्टिकर एखादं क्वचित लागणारं चिन्ह शोधायला बरे, अक्षरांसाठी नकोत. धड्याच्या वेळी हातांवर पातळ कापड टाकावं आणि नजर स्क्रीनवर किंवा कुठेच नाही, अशी ठेवावी. स्क्रीनवर मॅग्निफायर वापरत असतील तर तो माउसमागे नाही तर टाइपिंगच्या कर्सरमागे सरकेल असं सेटिंग करावं, नाहीतर लिहिलेलं चौकटीबाहेर निघून जातं. ज्यांची नजर पुढे आणखी कमी होत जाणार आहे त्यांनी ती आहे तोवरच न बघता टाइप करायला आणि स्क्रीन रीडर ऐकायला शिकून घ्यावं. तेव्हा घाई नसते आणि अडलं तर बघता येतं.

मराठी टाइप करताना

मराठीसाठी माझं मत इनस्क्रिप्टच्या, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या कीबोर्ड मांडणीच्या, बाजूने आहे. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्या पद्धतींत शब्दांची यादी येते, ती ऐकावी लागते, त्यातून निवडावं लागतं. इनस्क्रिप्टमध्ये दाबलं ते उमटलं. स्वर आणि त्यांच्या मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं मुख्यतः उजव्या हाताला, त्यामुळे हात आलटून-पालटून चालतात. हलन्त म्हणजे पाय मोडायचं बटण डी वर, डाव्या मधल्या बोटाच्या घरातच आहे. 'पक्का' असा येतो: एच, के, डी, के, ई. 'मराठी' असा: सी, जे, ई, शिफ्टसह अवतरणचिन्हाचं बटण, आर. 'सुऱ्या'मधल्या ऱ्या साठी शिफ्ट-जे, डी, स्लॅश, ई.

आवाज देवनागरी वाचणारा हवा, नाहीतर टाइप केलेलं ऐकूच येत नाही. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक एनजी या बोलक्या आवाजाच्या प्रोग्राममध्ये मराठी आहे. भाषा बदलायला विंडोज आणि स्पेस. इंग्रजी आधी की मराठी, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण एक पक्की होईपर्यंत दुसरी सुरू करू नये, आणि कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही यांच्या जागा कळाव्यात म्हणून इंग्रजी अक्षरांची निदान ओळख तरी असावी.

घड्याळ कधी लावायचं

ओळखीच्या मजकुराच्या दहा ओळींत दोन-तीनहून जास्त चुका होत नाहीत, अक्षरं बोलणं बंद आहे आणि बॅकस्पेसनंतर हात न सांगता घरी येतो, अशी स्थिती आली की वेग मोजायला हरकत नाही. मोजताना स्पेससकट ५ ठोके म्हणजे एक शब्द धरतात. ३ मिनिटांत ३०० ठोके म्हणजे ६० शब्द, मिनिटाला २०. मोजणी एका मिनिटाची करू नये, त्यात जोर लावून पळता येतं. ३ किंवा ५ मिनिटांची करावी, आणि दुरुस्तीला लागलेला वेळ वजा करू नये.

वेग अडकला तर बहुतेक वेळा दोन-तीन अक्षरंच तो अडवत असतात. टाइप केलेला मजकूर ऐकून चुकलेल्या अक्षरांची नोंद ठेवावी. बी, वाय, एक्स, सी ही नावं वारंवार येतील. मग फक्त त्यांचे शब्द घेऊन पाच मिनिटांचा संथ सराव करावा, वेग निम्म्यावर आणून, प्रत्येक वेळी बोट घरी परत आल्याची खात्री करून. दुसऱ्या दिवशी पुन्हा ३ मिनिटांची मोजणी लावावी.